म्हैसासुराच्या नाकपुड्या

देवराम गावितांनी मुखवटा डोक्यावर चढवला, दोन्ही हातांनी खालून धरला आणि माझ्या वर्कशॉपच्या मधोमध नुसते उभे राहिले.

मी टेबलाला टेकून वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, कौतुकाचीच वाट बघत होते. सतरा दिवस मी त्या मुखवट्यामागे होते. घरी पोळपाटाला हात लावला नव्हता. आमचे हे नोटांच्या प्रेसमधून येताना पोळीभाजी केंद्रातून पुडकं आणायचे आणि ते ताटात ठेवताना जितका आवाज करता येईल तितका करायचे. एवढं सगळं झाल्यावर समोरच्या माणसाने निदान 'बरं झालंय' म्हणावं, इतकंच माझं मागणं होतं.

देवरामभाऊ आतून म्हणाले, "ताई, अंधार हाय."

मला वाटलं, वीज गेली. त्या वर्षी, म्हणजे २००७च्या एप्रिलात, नाशिक रोडला दिवसातून दोनदा वीज जायची आणि कोणी अंधार म्हटलं की हात आपोआप मेणबत्तीकडे जायचा. पण ट्यूब चालू होती. पत्र्याच्या फटीतून दुपारचं ऊनही आत येत होतं.

"डोळ्यांतून बघा ना," मी म्हटलं. "दोन्हीकडे भोकं पाडलीत. अगदी सारखी."

मुखवटा हळूच खाली आला. मागून देवरामभाऊंचा घामेजलेला चेहरा निघाला. त्यांनी त्या दोन भोकांवरून बोट फिरवलं, जखमेवरून फिरवतात तसं.

"डोळ्यांतून नाय बघत, ताई. डोळे त्याचे. माणूस नाकातून बघतो."

आणि नाक मी बुजवून टाकलं होतं.

माझं मूळ काम रेडियमचं. जेल रोडला दुकान. गाड्यांच्या नंबरप्लेटा, रिक्षांवरचे आईवडिलांचे आशीर्वाद, दवाखान्यांच्या पाट्या. शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. कॉम्प्युटर शिकले चाळिशीत, शेजारच्या लग्नपत्रिकावाल्याच्या पाठीमागे उभं राहून. पुढे अंबडचा एक फर्निचरवाला धंदा गुंडाळून गेला, त्याचं राउटर मी जुन्यात घेतलं आणि दुकानामागच्या शेडमध्ये बसवलं. राउटर म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं टेबल. याहून जास्त मलाही सुरुवातीला कळत नव्हतं. पुढचं त्यानेच शिकवलं, माझ्या फळ्या फुकट घालवून. देवघरांच्या झडपांवर मोर कोरण्यात माझा हात बसला होता, तेव्हा शेवाळेसाहेब आले.

शेवाळेसाहेब एका सरकारी कार्यालयात जुन्या वस्तूंचे अधिकारी होते. पेठच्या पुढे, डोंगरातल्या पाड्यांवर सर्वेक्षणाला गेले असताना त्यांना देवरामभाऊंच्या घरी एक मोडका मुखवटा दिसला. तिकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं घेऊन गाव संबळाच्या तालावर नाचतं, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने आणायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. गावितांच्या घराकडे म्हैसासूर. सगळ्यात शेवटचं सोंग ते. सकाळी ऊन वर आलं की देवी त्याला मारते आणि मग माणसं घरी जातात.

मुखवटा देवरामभाऊंच्या आजोबांनी केलेला, सावरीच्या हलक्या लाकडाचा. वाळवीने त्याचा डावा डोळा आणि डावा गाल खाल्ला. म्हणून आदल्या वर्षी सोंग निघालंच नाही. साहेबांनी सांगितलं, आम्ही दुरुस्त करून देतो. पावती दिली, अंगठा घेतला, मुखवटा जीपमध्ये ठेवला. तो कार्यालयात पोहोचला, त्याची रजिस्टरला नोंद झाली आणि मग कोणाला तरी नियम आठवला की नोंद झालेली वस्तू बाहेर देता येत नाही. तेव्हा दुरुस्ती रद्द. गावाला प्रतिकृती द्यायची, तीसुद्धा कॉम्प्युटरने केलेली. साहेब माझ्या दुकानात, नंबरप्लेटांच्या ढिगाशेजारी उभे राहून म्हणाले होते की आता सुताराच्या हाताच्या चुका होणार नाहीत. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं.

देवरामभाऊंनी एकच अट घातली, लाकूड आमचं. मुखवटा मोडला त्याच वर्षी त्यांनी नारळ वाढवून सावर तोडली होती, तिचा ओंडका उभा चिरून वाळत ठेवला होता. त्यातलं अर्धुक एसटीच्या टपावर टाकून ते माझ्याकडे घेऊन आले. बरोबर त्यांची आत्या, अक्काबाई. सत्तरीच्या पुढची बाई, पण चालण्यात देवरामभाऊंच्या दोन पावलं पुढे. मी चहा केला. तेव्हा देवरामभाऊंनी सहज बोलावं तसं सांगितलं की दोन वर्षं ओळीने सोंग निघालं नाही तर पंच ते दुसऱ्या घराला देतात. सावळीराम म्हणून एक आहे, त्याने आताच शिंगं शोधायला सुरुवात केली आहे. "शिंगं शोधतो आन्‌ माझ्याकडे बघून हासतो," एवढंच ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

मूळ मुखवटा मला दोन दिवसांसाठी मिळाला. म्हणजे मला नाही मिळाला, सोमा नावाच्या शिपायाला मिळाला. तो मुखवटा घेऊन माझ्या शेडमध्ये येऊन बसला. अट अशी की मुखवटा पालथा करायचा नाही, कारण मागची बाजू ठिसूळ झालेली. सोमा मांडीवर रजिस्टर घेऊन समोरच बसलेला.

नक्कल घेण्याची माझ्याकडे एकच रीत होती. राउटरला कोरणी काढून तिथे स्प्रिंगवाली बारीक सुई लावायची. सुई मुखवट्यावर दोन-दोन मिलिमीटरवर टेकत जाते आणि प्रत्येक वेळी इथे उंची किती ते कॉम्प्युटरला कळवते. हजारो टोचे. दोन दिवस शेडमध्ये टिक टिक टिक. सोमाला पहिल्या तासात झोप लागली. या कामात एक पथ्य असतं: खोल भोकात सुई गेली की अडकते आणि मोडते, म्हणून भोकं आधी मेणाने भरायची. म्हैसासुराच्या नाकपुड्या खोल होत्या. मी त्या मेणाने भरल्या. आरपार आहेत हे पाहायला मुखवटा पालथा करायला हवा होता, आणि पालथा करायचा नव्हता. नंबरप्लेटा करणाऱ्या बाईला नाकपुडी म्हणजे काय, शेवटी काळा रंग द्यायचा खड्डा.

उजव्या डोळ्याला मात्र बाहुलीच्या जागी आरपार भोक होतं, पेन्सिलीएवढं, गोल. मला वाटलं, नाचणाऱ्याने बघायचं ते इथून. डावी बाजू वाळवीने खाल्लेली, तर कॉम्प्युटरला उजवी बाजू उलटवून डावीकडे चिकटवायला सांगितलं. तसं एक बटण असतं. ते दाबलं की पाच मिनिटांत गाल येतो, डोळा येतो, शिंगाची खोबण येते. भोकही आलं. ती भोकं मी हौसेने मोठी केली. बिचाऱ्याला नीट दिसावं म्हणून.

आणि आता तो बिचारा समोर उभा होता, हातात माझी सतरा दिवसांची मेहनत घेऊन, आणि मला दोष देत नव्हता. देवरामभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी सावरून घेतलं. म्हटलं, काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. नाकपुड्या पाडते, डोळे त्याच लाकडाच्या गुट्ट्या मारून बुजवते, वर रंग बसला की कोणाच्या बापाला कळणार नाही. मी ड्रिल हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात दाराशी स्टुलावर बसलेल्या अक्काबाईंनी हात पुढे केला. देवरामभाऊंनी मुखवटा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लेकराला न्याहाळावं तसा न्याहाळला आणि नाही म्हणून मान हलवली.

"फुटला डोळा बुजवल्यानं दिसाया लागतो काय, बाय?"

मी म्हटलं, अहो, लाकूड आहे ते.

"लाकूड हाय तं एवढं लांब कशाला आलो?" त्या शांतपणे म्हणाल्या. "देवी त्याला समोरासमोर मारते. तो तिला बघतो, मंग मरतो. आंधळ्याला मारलं तं पाप कुनाच्या माथी? देवीच्या. आमच्या घरानं देवीला पाप लावायचं का?"

मी ड्रिल खाली ठेवलं. राग मात्र भरपूर होता. अक्काबाईंचा आला, साहेबांचा आला, त्या पाच मिनिटांच्या बटणाचा आला. सगळ्यात जास्त स्वतःचा. दोन दिवस तो मुखवटा माझ्या टेबलावर होता, आणि हा माणसाने घालायचा कसा, एवढं विचारायला मला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

देवरामभाऊ बोटं मोजत होते. अक्षय तृतीयेला बोहाडा, म्हणजे अकरा दिवस. ओंडक्याचं दुसरं अर्धुक घरी होतं. ते एवढं एकच. ओलं लाकूड चालत नाही, तडकतं. "आनतो उद्या," ते म्हणाले. मग मुखवट्याच्या डोळ्यावर बोट ठेवून, "पर म्हाताऱ्या मुखवट्याच्या डोळ्याला भोक नव्हतंच कधी. कुठून आलं?"

ते मलाही हवं होतं. मी कार्यालयात फोन लावला. साहेब म्हणाले, वस्तू आली तेव्हाच्या स्थितीत आहे, तसं नोंदीत लिहिलंय, डोळे: सच्छिद्र. मी म्हटलं, मला मूळ मुखवटा फक्त दहा मिनिटं बघू द्या, नाकपुड्या किती रुंद आणि कुठल्या तिरप्या, तेवढंच मोजते. अर्ज करा म्हणाले. अर्ज घेऊन गेले तर तीन प्रतींत हवा होता. तीन प्रती घेऊन गेले तर साहेब मुंबईला मीटिंगला, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. एक मुखवटा, ज्याला गावितांच्या तीन पिढ्या दरवर्षी घामाच्या हातांनी उचलत होत्या, त्याच्या मागून मला दहा मिनिटं बघता येत नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसले. सोमा बाजूला येऊन उभा राहिला. तो बूट जमिनीवर घासत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, साहेबांना सांगू नका. तो खिळा मी ठोकला."

पाहणीला वरचे लोक आले होते तेव्हा मुखवटा भिंतीवर टांगायचा होता. मागची दोरी कुजलेली. साहेब म्हणाले लाव कसाही, पण सरळ लाव. सोमाने लावला. डोळ्याच्या बरोबर मध्ये, कारण सरळ तिथेच बसत होता.

मी त्याला काय बोलणार होते? त्याने एक डोळा फोडला, मी दोन.

दुसऱ्या दिवशी देवरामभाऊ आणि अक्काबाई दुसरं अर्धुक घेऊन आले. मी ते कोपऱ्यात उभं करून ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. आधी थर्माकोल आणला, आणि राउटरवर त्याचाच म्हैसासूर कापला. थर्माकोल लोण्यासारखा कापला जातो, दीड तासात झाला. शेडभर पांढरा भुगा, माझ्या केसांत, चहात, सोमवारी द्यायच्या नंबरप्लेटांवर. नाकपुड्यांच्या जागा मी कोऱ्या ठेवल्या होत्या.

देवरामभाऊंना तो घालायला लावला. अक्काबाई उठल्या. मुखवटा बांधायचं काम त्यांचं. आधी भावाला बांधायच्या, आता भाच्याला. त्यांनी डोक्याला जुन्या लुगड्याचा पट्टा गुंडाळला, कपाळावर घडी ठेवली, मुखवटा वर टेकवला आणि मागून आवळला. तेव्हा कुठे मला कळलं की म्हैसासुराचे डोळे देवरामभाऊंच्या केसांपाशी येतात आणि त्यांचे स्वतःचे डोळे थेट त्याच्या नाकामागे. पाच मिनिटांची गोष्ट. कोणीही दाखवली असती.

मी दाभण तापवलं आणि बाहेरून नाकपुडीच्या जागी हळूच भोक पाडलं. "काय दिसतंय?"

"ट्यूब."

म्हणजे फार वर. खाली तिरपं केलं. आता त्यांना कॅलेंडर दिसलं. आणखी खाली. माझं तोंड दिसलं. मला वाटलं झालं, अजून काय पाहिजे. पण ते नाही म्हणाले.

"तोंड बघून काय करू, ताई? माला पाय पायजेत."

आणि मग त्यांनी सांगितलं, थर्माकोलच्या आतून, त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा. म्हैसासूर नाचतो तेव्हा त्याला फक्त जमीन दिसायची असते, दोन पावलांपर्यंतची. त्यात संबळवाल्याचे पाय, त्यांवरून ताल. त्यात देवीचे पाय. देवीचं सोंग घेणारा गोरक्ष उजवा पाय पुढे टाकून टाच दाबतो, तेव्हा म्हैसासुराने पडायचं. आधी पडला तर देवीने न मारताच मेला, नंतर पडला तर देवीचा वार फुकट. वर बघितलं तर पाय सुटतो. म्हणून आजोबांनी नाकपुड्या खाली तिरप्या ठेवलेल्या.

मग माझी चप्पल दिसेपर्यंत मी दाभण फिरवत राहिले. एक थर्माकोल वाया गेला, दुसरा कापला, तिसरा कापला. देवरामभाऊ माझ्या शेडमध्ये नाचले, रेडियमचे रोल आणि पत्र्यांच्या थप्प्या यांच्यामधल्या चार फुटांत, आणि अक्काबाई तोंडाने संबळ वाजवत होत्या. देवी मी झाले, दुसरं कोणी नव्हतं. उजवा पाय पुढे टाकून टाच दाबली, की ते धाडकन पडायचे. तिसऱ्या थर्माकोलला बरोबर टाचेवर पडले. दुकानात एक रिक्षावाला नंबरप्लेट न्यायला आला होता, तो मधल्या दारातून हे बघून नंबरप्लेट न घेताच गेला.

तिसरा थर्माकोल मी मधोमध कापला, भोकांचा तिरपेपणा कोनमापकाने मोजला आणि कॉम्प्युटरमधल्या मुखवट्यात घातला. तिथे हात चालवताना एक गोष्ट ध्यानात आली. डावी नाकपुडी उजवीहून थोडी खाली आली होती, कारण देवरामभाऊंचा डावा डोळाच थोडा खाली आहे. आजोबांचाही तसाच होता, अक्काबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून मला त्यांचा दाखवला. कॉम्प्युटर मला दोन्ही बाजू सारख्या करू का म्हणून विचारत होता. मी त्याला नको म्हटलं.

आता कापायचं. पुढची बाजू चौदा तास, मागची सहा. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. त्या वेळापत्रकात एकच खोट होती, ते कधी पाळलं जायचं नाही. मी सकाळचे तीन तास सोडून मशीन सुरू केलं. सव्वा दोन तासांनी वीज गेली. परत आल्यावर राउटर आपण कुठे होतो ते विसरून गेलं होतं, आमच्या सासऱ्यांसारखं. यावर मी आधीच तोड करून ठेवली होती. लाकडाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून ठेवलेलं, वीज आली की कोरणीचं टोक त्या भोकात बसवायचं आणि मशीनला सांगायचं, बाबा, इथून सुरुवात होती, आठव. पाच वेळा वीज गेली, पाच वेळा ते केलं. हे दोन वेळा येऊन बघून गेले. एकदा म्हणाले, आमच्याकडे नोटा छापताना एवढी काळजी घेत नाहीत. मी म्हटलं, तिथे चूक झाली तर जाळून टाकता येतं.

पुढची बाजू झाली. मागची कोरायला लाकूड उलटवायचं होतं. एकटीने उलटवलं, कारण मदतीला कोणाला बोलवायचं तर पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं असतं आणि मला आता माणसांना समजावायचा कंटाळा आला होता. ते हातातून सुटलं. माझा पहिला विचार लाकडाचा होता, की कोपरा जाईल. म्हणून पाय खाली घातला. कोपरा वाचला. उजव्या पायाचा अंगठा निळा, मग काळा. डॉक्टरांनी एवढी पट्टी बांधली की पायात चप्पल जाईना.

तिसऱ्या दिवशी मुखवटा कोरून झाला. डोळे आंधळ्यासारखे कोरे दिसत होते, पण ते फक्त रंग लागेपर्यंत, आणि भोक कुठेच नव्हतं. देवरामभाऊंनी तो घातला आणि काही बोलायच्या आधी माझ्या पट्टीकडे मुखवटा वळवला. "अंगठ्याला काय झालं?" मला इतकं बरं वाटलं की मी पाय आणखी पुढे केला.

ते मुखवटा घेऊन गेले. रंग घरीच देणार होते. त्याच संध्याकाळी शेवाळेसाहेब माझ्या दुकानात आले, प्रतिकृती नोंद करून मग गावाला द्यायची म्हणून ताब्यात घ्यायला. मी म्हटलं, ती देवरामभाऊ घेऊन गेले, त्यांच्या सोंगासाठी. पण एक इथेही आहे. डोळ्यांना भोकं असलेला पहिला मुखवटा मी त्यांच्यासमोर ठेवला. खरं तर रागाने ठेवला. साहेबांनी खिशातून नोंदीचा कागद काढला, एकेक ओळ वाचत मुखवट्याशी ताडून पाहिली. डोळे: सच्छिद्र. नाक: भरीव. मूळ मुखवट्यातलं ते मेण मी काढायला विसरले होते, आणि कार्यालयाने मेणासकट नोंद सुधारून घेतली होती.

"हुबेहूब," साहेब म्हणाले. "हाच ठेवू प्रदर्शनात. शिवाय मूळ वस्तूला आता हात लावायची गरज नाही."

मी सांगितलं. मेणाचं सांगितलं, नाकाचं सांगितलं. खिळ्याचं सांगितलं नाही, सोमासाठी. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते आणि मुखवटा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. म्हणाले, तुमचं बरोबर असेल, पण दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज लागेल.

बोहाड्याला आम्ही दोघं गेलो. मोटरसायकलवर मागे बसून, पट्टीचा पाय लांब धरून, पेठच्या घाटात मी यांना सतरा वेळा हळू म्हटलं. पोहोचलो तेव्हा सकाळ झाली होती आणि बाकीची सगळी सोंगं नाचून संपली होती. मैदानाभोवती माणसं बसलेली, डोळे तांबारलेले, चहाचे पेले फिरत होते. पंच एका बाजूला सतरंजीवर. त्यांच्यामागे एक माणूस छाती पुढे काढून उभा होता, त्याच्या पायाशी शिंगांची एक जोडी फडक्यात बांधलेली. न सांगता मला कळलं, हा सावळीराम.

संबळ बदललं. म्हैसासूर आला.

मी केलेला मुखवटा मला ओळखू आला नाही. काळ्या रंगात पांढरे डोळे, त्यांत लाल बाहुली, आणि ते डोळे माझ्या वरून कुठेतरी लांब बघत होते. तो वाकून धावायचा, एकदम थांबायचा, माती उडवायचा. पोरं किंचाळून मागे सरायची. मी अंगठ्यामुळे सगळ्यांत पुढे पाय पसरून बसले होते. तो फिरत फिरत थेट माझ्याकडे आला. पाय उचलला, आणि आपटायच्या ऐवजी हवेतच धरला. मग पाय मागे घेतला, एक पाऊल मागे सरकला, आणि माझ्या पट्टीला वळसा घालून पुढे गेला.

माणसं हसायला लागली. कोणीतरी म्हणालं, म्हैसासूर बाईला भ्याला. हे सगळ्यांत मोठ्याने हसले. सावळीराम हसला नाही. तो पंचांकडे बघत होता आणि पंच मुखवट्याकडे.

गोरक्ष देवी होऊन आला. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी झाली. देवीने उजवा पाय पुढे टाकला, टाच दाबली, आणि म्हैसासूर धाडकन पडला. ना आधी, ना नंतर. संबळ थांबलं. पंचांतला म्हातारा उठला, पडलेल्या देवरामभाऊंच्या पाठीवर गुलाल टाकला आणि परत जाऊन बसला. सावळीरामने वाकून शिंगांचं गाठोडं उचललं. झालं एवढंच. कोणी काही जाहीर केलं नाही, पण अक्काबाईंनी डोळ्यांना पदर लावला, त्यावरून मी समजले.

मुखवटा त्यांनीच सोडवला. लुगड्याचा पट्टा घामाने चिंब झाला होता. देवरामभाऊंनी श्वास घेतला, पाणी प्यायले आणि पहिलं वाक्य माझ्याशी बोलले ते अंगठ्याबद्दल, की पट्टी खराब झाली, आज बदलून घ्या.

"दिसलं ना नीट?" मी विचारलं.

"चोख." त्यांनी मुखवट्याची माती हाताने झटकली. "ताई, आता म्हातारा मुखवटा कधी देतील? हा हाय चांगला. पन त्येला घरी आनायला पायजे. डोळ्यात खिळा घिऊन बसलाय तिकडं."

खिळ्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सोमाने सांगितलं असणार. तो मैदानाच्या कडेला उभा होता, अनवाणी, रजेवर.

मी म्हटलं, त्याचाही अर्ज केलाय. तीन प्रतींत. आणि अक्काबाईंच्या हातातून तो ओला पट्टा घेतला आणि पिळायला लागले.